इतर, तपशील द्या

सोहारच्या इस्पितळात पहाटे साडेतीनला
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि पलंग अकरावर हुसेन सारंग
यंत्राच्या श्वासाने वर-खाली होतात.
बंदरातल्या टगवर बावीस वर्षं. गाव दाभोळ.
मला ते ‘पोरी’ म्हणत. माझं वय त्रेचाळीस.

पडद्यावर दोन आकडे आहेत.
पहिला, वाचण्याची शक्यता: चार टक्के.
त्याच्याशी माझं भांडण नाही.
मेंदूत सांडलेलं रक्त मीही पाहिलंय फिल्मवर,
आणि इतक्या रात्रपाळ्यांनंतर
तेवढं गणित नाकालाही कळतं.

दुसरा खाली, निळ्या चौकटीत:
स्वतः बोलू शकला असता तर
रुग्णाने हे उपचार नको म्हटले असते.
सत्त्याऐंशी टक्के.

डॉक्टर बुसैना म्हणाल्या, तुझ्या भाषेत सांगशील बायकोला?
त्यांचे डोळे लाल. दोन दिवस घरी गेल्या नव्हत्या.
त्या वाईट नाहीत. यंत्रही वाईट नाही.
वाईट कुणी सापडलं असतं
तर मी बरी झोपले असते.

सत्त्याऐंशीचं मराठी मी तीनदा करून पाहिलं.
बहुतेक नको म्हणाले असते.
नकोच म्हणाले असते.
शंभर हुसेनांतले सत्त्याऐंशी नको म्हणाले असते.
पलीकडे विहिरीवरचा पंप चालू होता, तो बंद झाला.
मग रुकय्याभाबी म्हणाल्या,
“आनि उरलेले तेरा? त्ये काय बोलतात?”
आणि थोड्या वेळाने,
“ह्यां त्याला कोनी सांगितलान?”

मी जुन्या नोंदी उघडल्या.
छातीत दुखणं; दाखल व्हायला नकार.
त्याच वर्षी, ईदनंतर: अँजिओग्राफीला नकार.
गेल्या साली: सल्ल्याविरुद्ध घरी.
तिन्हींखाली सही माझी.

पहिल्या वेळी कंपनीचा माणूस दारात उभा होता,
गाडी चालू ठेवून.
दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, किती रियाल?
मी सांगितलं. ते हसले, चपला शोधू लागले.
तिसऱ्या वेळी व्हिसा संपायला नऊ दिवस होते
आणि धाकटीच्या कॉलेजची फी.
फॉर्मवर ठळक चौकोन दोनच:
उपचार स्वीकारले. उपचार नाकारले.
खाली बारीक अक्षरात: इतर, तपशील द्या.
बाहेर साठ माणसं ताटकळत होती.
मी दुसऱ्या चौकोनात खूण केली.

त्या तीन खुणा आता
त्यांच्या वतीने बोलतायत,
आणि हस्ताक्षर माझं.

मी डॉक्टरांना सांगितलं. इंग्रजीत, मग मोडक्या अरबीत,
कारण ‘परवडत नव्हतं’ आणि ‘नको होतं’
ही दोन वेगळी वाक्यं आहेत
हे मला दोन्ही भाषांत ऐकवायचं होतं.
त्या बराच वेळ गप्प.
मग निळी चौकट त्यांनी मिटवली.
आकडा आत तसाच राहिला असणार.
“पण मग खरं उत्तर काय?”
मला माहीत नव्हतं.
कदाचित नकोच म्हणाले असते.
टगवरचा माणूस. दोर कधी सोडायचा
हे त्यांना माझ्याहून कळत होतं.
पण ते त्यांनी म्हणायला हवं होतं,
खिशात पैसे असताना,
बाहेर गाडी सुरू नसताना.

थांबू या, डॉक्टर म्हणाल्या. किती, ते नाही म्हणाल्या.

भाबींनी सांगितलं, फोन कानाशी धरा त्यांच्या.
मी धरला. दुवा असेल असं वाटलं होतं.
त्या पंपाचं बिल सांगत होत्या,
यंदाचा रातांब्याचा भाव,
कुठल्या पुतण्याने बांध सरकवला ते,
आणि मधेच, “ऐकताव ना?”
पडद्यावरची रेघ होती तशीच चालली होती.

माझा हात अवघडला.
मी हात बदलला.